जाऊन जाऊन जाणार कुठं?

२०१९ च्या विधानसभेला माण मतदारसंघाचा निकाल तीन हजारांच्या आसपासच्या फरकाने लागला. भाजपचे जयकुमार गोरे जिंकले, अपक्ष उभे राहिलेले निवृत्त सनदी अधिकारी प्रभाकर देशमुख हरले. दोन लाखांहून जास्त मतं मोजल्यावर तीन हजार म्हणजे म्हसवडच्या दोन-तीन गल्ल्या आणि आजूबाजूच्या चार वाड्या. असा निकाल लागला की पुढे महिनाभर पारावर, टपरीवर, एसटी स्टँडच्या कट्ट्यावर एकच हिशेब चालतो. कोण फुटलं, कुणी पाकीट घेतलं, कुठली गल्ली ‘गेली’. त्या हिशेबात काही आडनावं जरा खालच्या आवाजात घेतली जातात. मुलाणी, आतार, तांबोळी, शिकलगार. त्यांची मतं कुणाला पडली हे सांगणाऱ्याला छातीठोक माहीत असतं. त्याच आडनावाचा माणूस चहाला येऊन टेकला, की विषय पावसावर जातो.

इथे निवडून कसं यायचं, हे काही गुपित नाही. घराणं लागतं, हाताशी कारखाना किंवा दूध संघ लागतो, पाणी आणल्याचं श्रेय लागतं आणि आपल्या जातीचा आकडा लागतो. यातलं काहीच ज्याच्याजवळ नाही आणि तरी जो फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेऊन उभा राहतो, मग तो लाल बावट्याचा असो, समाजवादी असो की शेतकरी संघटनेचा, त्याची बेरीज छोट्या समाजांपासूनच सुरू होते. मुसलमान, बौद्ध, कुठे जैन, कुठे रामोशी, कुठे कैकाडी. त्याला ही मतं लागतात याबद्दल वादच नाही. वाद घालण्यासारखा प्रश्न उलट बाजूने आहे : त्या मतदाराने ती त्याला का द्यावीत? चळवळीतल्या बैठकांना मी बरीच वर्षं बसत आलो आहे. हा प्रश्न तिथे क्वचितच निघतो, कारण उत्तर सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. भाजपला तर ते देणार नाहीत, मग जाऊन जाऊन जाणार कुठं?

ते जातात. सातारा, सांगली आणि शेजारच्या कोल्हापूर-सोलापूरच्या पट्ट्यात ते कसकसे गेले, हे गेल्या पंधरा वर्षांतल्या निकालांत दिसतं.

म्हसवडपासूनच बघू. सिद्धनाथाचं हे गाव. मार्गशीर्षात रथ निघतो तेव्हा गुलाल-खोबऱ्याने सगळी वाट लाल होते आणि ‘नाथबाबाच्या नावानं चांगभलं’ लांबवर ऐकू येतं. या भागातल्या जत्रांमधली दुकानं एकदा नीट बघावीत. अबीर-गुलाल-बुक्का आताराकडे, पान तांबोळ्याकडे, बांगड्या मणेराकडे, कात्री-सुरीला धार लावायला शिकलगार. कितीतरी गावांत जत्रेचा बोकड मुलाण्यानेच कापायचा असतो. त्याला त्याचा मान असतो आणि त्याचा वाटाही. गावगाड्यात मुलाणी बलुतेदारच होता. हे सगळं कुणी सौहार्दाचं भाषण म्हणून मांडलं की मला कंटाळा येतो. कारण बलुतेदाराला मान असतो, जमीन नसते. आणि माणदेशातलं सगळं राजकारण जमिनीच्या आणि तिच्यावर येणाऱ्या पाण्याच्या भोवती फिरतं.

आकडे पाहिले तर २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात मुसलमान पाच टक्क्यांच्या आतबाहेर, बौद्धही साधारण तितकेच. सांगलीत मुसलमान साडेआठ टक्के, सोलापुरात दहा, राज्यात साडेअकरा. कायद्याने बौद्ध आणि जैनही अल्पसंख्याकच. जैनांना तो दर्जा केंद्राने २०१४ मध्ये दिला. म्हणजे साताऱ्यात सगळे धरले तरी दहा टक्क्यांच्या घरात. यांच्या जोरावर कुणी निवडून येत नाही. यांच्यावाचून मात्र पुष्कळ जण पडले आहेत. आणि तेही लढत अटीतटीची असेल तरच. २०२४ ला याच माणमध्ये गोरे आणि राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे प्रभाकर घार्गे यांच्यातलं अंतर पन्नास हजारांजवळ गेलं. तिथे मुलाणी-आतारांनी काय केलं, हे विचारायलाही कुणी आलं नाही.

लहान लहान रकमांवर काय उभं राहतं, हे म्हसवडला वेगळं सांगायला नको. १९९७ मध्ये इथे माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेल्या चेतना गाला सिन्हा यांनी बायका जमवल्या, पण रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवानगी नाकारली. प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि आकडेमोड आम्हाला येते, हे साहेबांपुढे सांगून परवाना घेऊन आल्या. भाजीवाली, शेळ्या राखणारी, टोपल्या विणणारी, अशा बायकांना मोठ्या बँकांनी खातेदार म्हणून मोजलंच नव्हतं. पुरोगामी उमेदवाराची पुंजी याच जातीची असते. फरक एवढाच, की बँकेला रोज बाजारात जाऊन ठेव गोळा करावी लागते, आणि उमेदवार पाच वर्षांनी एकदम मागायला येतो.

मघाशी पाण्याचा विषय निघाला आहे तर तो पुरा करतो, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. या दुष्काळी तालुक्यांतली सगळ्यात मोठी पुरोगामी चळवळ पाण्याची. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर ही माणसं एका व्यासपीठावर आली आणि कृष्णेचं पाणी तेरा दुष्काळी तालुक्यांना मिळालं पाहिजे, हा धोशा त्यांनी लावून धरला. आज टेंभू योजनेचं पाणी आटपाडीत दिसतं ते या रेट्यामुळे. पण नेहमीच्या पाणी योजनेत पाणी जमिनीच्या मापाने मिळतं. दहा एकरवाल्याला दहा एकरांचं, आणि ज्याला जमीनच नाही त्याला पिण्यापुरतं, तेही टँकर आला तर. मुलाण्याला, शिकलगाराला, मागासवर्गीय वस्तीतल्या मजुराला कालव्याच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवण्यापलीकडे काम उरत नाही.

याला एक अपवाद झाला आणि तो सांगली जिल्ह्यातच झाला. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडी या गावांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा स्मृती धरण बांधलं. मुक्ती संघर्ष चळवळीने नदीतल्या वाळूचा प्रश्न हाती घेतला. वाळू विकून पैसा उभा करायचा आणि धरण लोकांनी बांधायचं, असं ठरलं. धरण लहानच. मोठं होतं ते वाटपाचं तत्त्व. पाणी जमिनीमागे न देता कुटुंबामागे द्यायचं, भूमिहीनालाही त्याचा हिस्सा. त्याने तो दुसऱ्याच्या रानात वापरावा, बटाईने करावा, पण हक्क त्याचा. ‘समन्यायी पाणीवाटप’ हे जड शब्द पुढे शासनाच्या कागदांत आले, ते तिथून. एखाद्या तांबोळ्याला किंवा मांगाला पाण्याच्या राजकारणात वाटा आहे असं म्हणणारी या भागातली ही बहुधा पहिलीच चळवळ. तिची मतपेटीतली ताकद मात्र तिच्या विचारापेक्षा नेहमीच कमी राहिली. चळवळवाल्यांना मी हे विचारलं की ते म्हणतात, आम्ही निवडणुकीसाठी काम केलं नाही. असेल. पण ज्यांनी निवडणुका लढवल्या त्यांनी हे तत्त्व उचललं नाही, हेही खरं.

आता हातकणंगले. लोकसभेच्या या मतदारसंघात कोल्हापूरच्या चार विधानसभा आहेत आणि सांगलीच्या दोन, इस्लामपूर आणि शिराळा. राजू शेट्टी इथून २००९ आणि २०१४ ला खासदार झाले. ऊसदराच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेला माणूस, वर्गणी काढून निवडणूक लढवणारा. ते जन्माने जैन, म्हणजे स्वतःच अल्पसंख्याक. पण या भागातला जैन कसणारा शेतकरी आहे, त्यामुळे जातीपेक्षा उसाची मोळी मोठी ठरली आणि मराठा शेतकऱ्यानेही त्यांना डोक्यावर घेतलं. २०१९ ला ते काँग्रेस आघाडीच्या बाजूने लढले आणि शिवसेनेच्या धैर्यशील मानेंकडून ९६ हजारांनी हरले. वंचित बहुजन आघाडीचे अस्लम सय्यद यांना तिथे १ लाख २३ हजारांवर मतं मिळाली. वंचित आणि एमआयएम तेव्हा एकत्र होते.

दुसऱ्या दिवसापासून ‘वंचितने पाडलं’ सुरू झालं. हा हिशेब मला कधीच पटला नाही. ती सव्वा लाख मतं शेट्टींची होती आणि कुणीतरी पळवली, असं समजायला आधार काय? २०१४ ला शेट्टी महायुतीत होते, नरेंद्र मोदींच्या नावावर देशभर मतं मागितली जात होती तेव्हा. २०१७ ला ते बाहेर पडले आणि दोन वर्षांनी पलीकडच्या बाजूने उभे राहिले. ऊसवाल्याला यात अडचण नव्हती, त्याचा प्रश्न दराचा होता आणि शेट्टी दराशी प्रामाणिक राहिले. इचलकरंजीत यंत्रमागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या मुसलमान कामगाराकडे ऊस नाही. त्याच्या घरात २०१४ नंतर ज्या गोष्टींची चर्चा चालली होती, त्यांच्याबद्दल शेट्टी त्या तीन वर्षांत काय बोलले, हे त्याला आठवत असणारच. ती सगळी मतं त्यांच्याकडे आली असती तर ते जिंकले असते, हे गणित बरोबर. ती यावीत म्हणून त्यांनी काय केलं, याचं उत्तर गणितात नाही. २०२४ ला ते कुणाच्याच आघाडीत गेले नाहीत. ठाकरे गटाने मशाल चिन्हावर लढा म्हटलं, ते नको म्हणाले. तिरंगी लढतीत माने १३ हजारांच्या फरकाने सत्यजित पाटील सरूडकरांना हरवून गेले आणि शेट्टी पावणेदोन लाखांच्या पुढे थांबले, तिसऱ्या नंबरवर.

त्याच २०१९ मध्ये शेजारी सांगलीत जे झालं ते तर आणखी बोलकं आहे. वंचितने गोपीचंद पडळकरांना उमेदवारी दिली. ते आटपाडी तालुक्यातले, म्हसवडच्या हद्दीला लागूनच. धनगर, दलित आणि मुसलमान यांची मोट बांधायची, अशी ती मांडणी होती आणि पडळकरांनी तीन लाखांच्या वर मतं घेतली. काँग्रेस आघाडीचे विशाल पाटील १ लाख ६४ हजारांनी पडले. काही महिन्यांतच पडळकर भाजपमध्ये गेले. आज ते जतचे भाजपचे आमदार आहेत आणि त्यांची भाषणं कुणाबद्दल असतात हे वाचकांना माहीत आहे. तीन लाखांत ज्या मुसलमानांची मतं होती त्यांनी आपलं मत नेमकं कुणाला दिलं होतं? पाच वर्षांनी विशाल पाटील काँग्रेसचा बंडखोर म्हणून लिफाफा घेऊन उभे राहिले आणि लाखभर मतांनी आले. मतदार शहाणा झाला असं म्हणायचं तर म्हणा. मला त्यात दुसरं दिसतं : विश्वास ठेवून हात पोळलेल्या माणसाने, निदान ओळखीचं घराणं तरी बरं, असा काढलेला मार्ग. पुरोगामी राजकारणाला हा निकाल काही फार सुखाचा नाही.

मिरजेची गोष्ट जुनी आहे. तिथे ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि ज्यांचे पूर्वज तलवारींना धार लावत त्या शिकलगारांची घराणी तंबोरे आणि सतारी बनवतात. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, वाळवून, कापून, त्याला दांडी जोडून, लाख देऊन महिन्यांनी वाद्य तयार होतं. अशा गावाने १९९० आणि १९९५ ला जनता दलाचे प्रा. शरद पाटील निवडून दिले. सांगलीतही त्या दोन्ही वेळा जनता दलाचेच संभाजी पवार, लाल मातीतले पैलवान; वसंतदादांच्या घरातल्या विष्णुअण्णांना त्यांनी आधीच १९८६ च्या पोटनिवडणुकीत आस्मान दाखवलं होतं. दादांच्या सांगलीत समाजवादी निवडून येतो, याचं तेव्हा राज्यभर अप्रूप होतं. पुढे १९९९ आणि २००४ ला मिरजेतून काँग्रेसचे हाफिज धत्तुरे आले. मग सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, महिनाभरात विधानसभा झाली, मिरजेची राखीव जागा भाजपने घेतली, आणि सांगलीतून संभाजी पवार पुन्हा आमदार झाले, पण आता भाजपकडून. जनता दल तोवर विरघळून गेलं होतं. पैलवानाने पक्ष बदलला याचा राग जुन्या समाजवाद्यांना आजही आहे. पण ज्या मुसलमान पोरांनी नव्वदीत त्यांच्या विजयाचा गुलाल खेळला, त्यांना पक्ष बदलताना कुणी विचारलं होतं का, याबद्दल त्या रागात एक शब्द नसतो.

म्हसवडहून पंढरपूरमार्गे पूर्वेला गेलं की सोलापूर लागतं, आणि या विषयाचं सगळ्यात अवघड प्रकरणही तिथेच लागतं. नरसय्या आडम, सगळ्यांचे आडम मास्तर, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार. त्यांचा मतदार म्हणजे पद्मशाली विणकर, यंत्रमाग कामगार आणि विडी वळणाऱ्या बाया, तेलुगू आणि मुसलमान दोन्ही.

विडीचं काम एकदा जवळून बघावं. तेंदूची पानं भिजवून मऊ करायची. पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने चौकोन कापायचा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूट पानात पसरून अंगठ्या-बोटांत वळायची, टोक नखाने दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसभरात हजारभर विड्या वळल्या तर हात चांगला. मग कारखान्यावर नेऊन द्यायच्या, तिथे तपासणारा मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी गेली. हे सगळं घरात, त्याच खोलीत जिथे स्वयंपाक होतो आणि पोरं झोपतात. म्हणून विडी कामगाराच्या मागण्यांत मजुरीइतकीच जुनी मागणी घराची. मास्तरांनी ती धरली. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये मनमोहनसिंगांनी किल्ल्या दिल्या. त्यानंतर रे नगर, तीस हजार घरांचं. त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते वाटल्या गेल्या. व्यासपीठावर मास्तरही होते. विडी कामगार बाईच्या नावावर घर व्हावं, यासाठी इतकं काम केलेला दुसरा आमदार देशात असेल तर मला माहीत नाही.

आणि मतं? २००९ ला मास्तर दुसऱ्या नंबरवर होते, प्रणिती शिंदेंच्या मागे. २०१४ ला दुसरा नंबर एमआयएमच्या तौफिक शेख यांनी घेतला, मास्तर पार मागे गेले. २०१९ ला पुन्हा तेच, एमआयएम दुसरी. २०२४ ला भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले, एमआयएमचे फारूक शाब्दी दुसरे, काँग्रेसही मागे पडली, मास्तरांना दहा हजारांचा आकडाही गाठता आला नाही. घरं झाली ती शहराबाहेर, कुंभारीत, जागा शहरातली, हे एक कारण. पैसा हेही कारण. पण मुसलमान विडी कामगार बाई विळा-हातोडा सोडून एमआयएमच्या पतंगाकडे गेली, याचा अर्थ लावताना कॉम्रेड मंडळी लगेच ‘धर्माच्या नादी लागली’ म्हणतात, तिथे मी अडतो. तिच्या दोन गरजा आहेत. एक मजुरीची आणि घराची. दुसरी, पोरगा रात्री उशिरा घरी आला तर जीव टांगणीला लागू नये ही. पहिलीचं उत्तर मास्तरांकडे होतं, चांगलं उत्तर होतं. दुसरीचं उत्तर देतो असं एमआयएम म्हणाली. दिलं की नाही हा पुढचा प्रश्न. डाव्यांनी त्या दुसऱ्या गरजेला पहिलीची पोटगरज मानलं, मजुरी सुटली की भीती आपोआप सुटेल असं धरलं.

हे फक्त सोलापूरचं नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये बर्नी सँडर्स डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते. किमान वेतन, मोफत शिक्षण, सगळ्यांना आरोग्यसेवा. काळ्या मतदाराच्या फायद्याचं सगळं त्यांच्या जाहीरनाम्यात होतं. साउथ कॅरोलायनात, जिथे त्या पक्षाच्या मतदारांत काळे निम्म्याहून जास्त, हिलरी क्लिंटन यांनी त्यांना जवळपास तिप्पट मतांनी लोळवलं. सँडर्स तरुणपणी नागरी हक्कांच्या आंदोलनात पकडले गेले होते, हेही त्यांच्या माणसांनी सांगून पाहिलं. पण चर्चमधल्या आजीबाईंना ते माहीत नव्हते, क्लिंटन कुटुंब माहीत होतं. आपल्या भल्याचा कार्यक्रम आणि आपला माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथेही पुरोगाम्यांना उशिरा कळलं.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मुसलमानांमधूनच आलेला आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांच्याविरुद्ध. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांची तक्रार अशी होती, की पुरोगामी म्हणवणारे पक्ष मुसलमान समाजात सुधारकाचा हात धरत नाहीत, मौलवीचा धरतात. कारण मौलवी गठ्ठा देतो. शाहबानो प्रकरणात १९८६ ला ते डोळ्यांदेखत खरं ठरलं. ज्या बाईसाठी बोलायला हवं होतं तिच्याविरुद्ध कायदा झाला. पुरोगाम्यांनी टाळलेलं तोंडी तलाकबंदीचं काम शेवटी २०१९ ला दुसऱ्यांनी केलं, आपल्या हेतूने, आपल्या पद्धतीने, आणि त्याचं श्रेय घेऊन तेच मुसलमान बायकांकडे मत मागायला गेले. मत लागतं म्हणून माणूस गप्प बसायला शिकतो. दलवाईंच्या या मुद्द्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की गठ्ठा मागणाऱ्याला मौलवी लागतो. घरोघर जाणाऱ्याला विडीवाली बाई भेटते, आणि तिचं तलाकबद्दलचं मत मौलवीहून वेगळं असतं.

अलीकडे तर गप्प बसण्याच्या पुढची पायरी आली आहे, लपवण्याची. २०२४ च्या लोकसभेत धुळ्याची जागा काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी ३,८३१ मतांनी जिंकली. मालेगाव मध्य या एकाच विधानसभा क्षेत्राने त्यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली, बाकी पाच ठिकाणी त्या मागे होत्या. त्यातून ‘व्होट जिहाद’ ही घोषणा निघाली आणि काही महिन्यांनी विधानसभेच्या प्रचारात ती गावोगाव पोचली. तेव्हापासून आघाडीच्या उमेदवारांचा नवा नेम : मतं हवीत, फोटो नको. सभेत दाढी-टोपीवाले मागच्या रांगेत. त्याच लोकसभेत महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुसलमान उमेदवार दिला नव्हता. नसीम खान यांनी त्यावरून काँग्रेसच्या प्रचार समितीचा राजीनामा दिला होता. मताला हो, माणसाला थांबा.

आपला माणूस कोण, याची परीक्षा मतदानाच्या दिवशी होत नाही. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला, आत असलेला एक तरुण मारला गेला. पुसेसावळी म्हणजे म्हसवडकरांना परकं गाव नाही. पाहुणे-रावळे आहेत, बाजारहाट आहे. पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली. कोल्हापूरचे खासदार शाहू छत्रपती महिन्याभरापूर्वीच दीड लाखांच्या मताधिक्याने निवडून आले होते. विशाळगडावरची अतिक्रमणं हटवण्याच्या मोहिमेची हाक खुद्द त्यांचे पुत्र संभाजीराजे यांनी दिली होती. तरी शाहू छत्रपती गजापुरात गेले, फुटलेल्या घरांत उभे राहिले. एवढ्याने काही घडी बसत नाही. पण राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी शिक्षण संस्था काढली, तिची आठवण दर भाषणात काढणाऱ्यांना त्या दिवशी गजापूरची वाट सापडली की नाही, हे तिथल्या लोकांनी मोजून ठेवलं आहे.

गेलेलं मत परत मिळवताही येतं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेकापकडून अकरा वेळा आमदार झाले. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांचं कौतुक होतं ते ठीक, पण त्यांचा धनगर समाज तालुक्यात मोठा होता हेही सांगायला हवं. आणि एवढं असून १९९५ ला ते १९२ मतांनी पडले. २०१९ ला त्यांचे नातू अनिकेत ७६८ मतांनी पडले. १९२ मतं म्हणजे एका गावातला एक मोहल्ला. गणपतरावांनी पुढच्या वेळेला तो मिळवला, पाच वर्षं गावोगाव फिरून. १९९९ ला परत आले आणि मग २०१४ पर्यंत हरले नाहीत.

मग २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका आल्या. राज्यातल्या बहुतेक पालिकांवर काही वर्षं प्रशासक बसले होते; मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हटल्यावर हालचाल सुरू झाली. म्हसवडची पालिका जुनी, गावात पॅनेलं बांधायची घाई चालू होती. पालिकेच्या प्रभागात दोन जागा असतात आणि नगराध्यक्ष थेट निवडायचा, म्हणजे एका मतदाराच्या हातात तीन मतं. विधानसभेला सोलापूरच्या विडीवालीपुढे जो पेच होता, आपला माणूस की आपलं काम, तो इथे निम्मा सुटतो. एक मत आताराच्या पोराला द्यावं, दुसरं पॅनेलच्या बाईला, तिसऱ्याचं बघू. पॅनेलवाले मात्र हे ओळखून असतात आणि तिन्ही बटणं एकाच पॅनेलची दाबायला सांगतात. गल्लीत आलेल्यांना तेव्हा जे विचारलं जात होतं ते साधं होतं. दफनभूमीच्या भिंतीचं काय झालं. आठवडी बाजारात बसायच्या जागेची पावती कुणाच्या नावाने फाटणार. पोराच्या जातीच्या दाखल्याला १९६७ आधीचा पुरावा मागतात, तो काढून द्यायला तहसीलला सोबत कोण येणार. आणि पोराच्या मोबाइलवरच्या स्टेटसवरून कुणी रात्री दारात आलं, तर फोन उचलणार का. तीन पॅनेलं फिरून गेली. पहिल्या तिन्ही प्रश्नांना सगळ्यांनी हो म्हटलं, चौथ्याला एकाने आपला नंबर लिहून दिला, दोघांनी पुढच्या घराकडे बघितलं.